कुंपणावरचा लाल परकर

डेरीनाग्री, परगणा कॉर्क
२० फेब्रुवारी १९२१

ती. नेली मावशीस,
तुझ्या अ‍ॅबीचा सा. न. वि. वि. की आम्ही इथे अजून आहोत, आणि घराला छप्परही अजून आहे.

तुझा चहा पोचला. आई म्हणते त्याला बोटीतल्या कोळशाचा वास येतो, तरी दिवसातून चारदा पितेय. हे पत्र मॉसीच्या हाती देतेय. तो लिव्हरपूलच्या बोटीवर भट्टीत कोळसा टाकतो, तू त्याला ओळखतेसच. त्याच्या बुटात पत्र छान बसतं. टपालातली पत्रं हल्ली सरकार आमच्याआधी वाचतं. तेव्हा खरं काय ते मॉसीच्या हातून, आणि टपालानं फक्त हवापाणी, एवढं ध्यानात ठेव.

नवा हुकूम निघालाय. प्रत्येक घराच्या दारामागे कागद लावायचा आणि त्यावर घरात राहणाऱ्यांची नावं आणि वयं लिहायची. शिपाई येतात, कागद वाचतात आणि डोकी मोजतात. एक जास्त निघालं तरी पंचाईत, एक कमी निघालं तरी पंचाईत. मी तीन नावं लिहिली, आई, मी आणि मर्टी काका. आईला वाचता येत नाही, पण ओळी मोजता येतात. म्हणाली, तीनच कशा? म्हटलं, फ्लॉरी ऑक्टोबरपासून डोंगरात आहे इंग्रजांशी लढणाऱ्या तुकडीबरोबर, त्याचं नाव लिहिणं म्हणजे शिपायांना आपण होऊन आवतण देणं. ती ऐकेल तर शपथ. म्हणाली, माझा पोरगा जिवंत आहे, घरातलं नाव मेलेल्या माणसाचं काढतात, तुझ्या बापाचं काढलं तेवढं पुरे झालं. शेवटी लिहिलं बाई: फ्लॉरेन्स हार्नेडी, वय एकोणीस.

मंगळवारी भर दुपारी लॉरी आली. ऑफिसर अगदी पोरगेला, ओठावर नुसती लव. त्यानं कागदावरून बोट फिरवलं, आम्हाला मोजलं, आणि विचारलं की दुसरी मुलगी कुठाय. मला आधी कळेचना. मग उजेड पडला. त्यांच्या देशात फ्लॉरेन्स हे बाईचं नाव! आपल्याकडे दर तिसऱ्या घरात एक मिशीवाला फ्लॉरेन्स असतो हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं की ती लिव्हरपूलला मावशीकडे कामाला गेलीय. त्यानं टिपून घेतलं. तेवढ्यात मर्टी काका, तुला ठाऊकच आहे ठार बहिरे, मोठ्यांदा विचारतात की फ्लॉरीनं आता काय केलं? मावशी, पाठीवरून घामाचा ओघळ गेला माझ्या. ऑफिसर नुसता हसला आणि गेला.

तेव्हा कुणी विचारलंच तर तुझ्याकडे फ्लॉरेन्स नावाची भाची आहे.

आणखी एक, आणि ह्यानं माझी झोप उडालीय. वसंतातली घरची मिस्सा ह्या वर्षी आपल्याकडे आलीय, म्हणजे सारे शेजारी प्रार्थनेला आपल्या स्वयंपाकघरात. फादर ट्वोमींनी वेदीवरून वाचून दाखवलं: चौदा एप्रिल, गुरुवार, सकाळी आठ, हार्नेडींचं घर. अकरा वर्षांनी आपला नंबर लागलाय, नाही कसं म्हणणार? पण म्हणजे साऱ्या पंचक्रोशीला दिवसही ठाऊक आणि घरही ठाऊक. आणि आईनं मनाशी ठरवून टाकलंय की त्या दिवशी फ्लॉरी आपल्या स्वयंपाकघरात गुडघे टेकून ख्रिस्तप्रसाद घेणार. ऑक्टोबरपासून तिनं त्याचं तोंड पाहिलेलं नाही. मलाही तो दिसावासा वाटतो गं. पण तो जिवंत असावा हे त्याहून जास्त वाटतं.

पत्र वाचून जाळ, माया मात्र तशीच राहू दे.
तुझी,
अ‍ॅबी


लिव्हरपूल, १ मार्च १९२१

चि. अ‍ॅबीस,
नेली मावशीचे पोट भरून आशीर्वाद.

घरबसल्या एकोणीस वर्षांची भाची मिळाली, आभारी आहे! आधीच सांगून ठेवलेलं बरं म्हणून मी आमच्या बाईसाहेबांच्या कानावर घातलं की माझी फ्लॉरेन्स आलीय, माझ्याच बहिणीची. तर त्या म्हणतात, अगं मग तिला भांड्यांना घेऊ या की! म्हटलं, बाई, ती फार लाजाळू आहे, आणि तब्येत नाजूक. दाढी करते हे सांगितलं नाही.

मी हसतेय खरी, पण काल कणकेत दोनदा पाणी घातलं. इथेही आयरिश माणसांच्या खोल्यांतून पोलीस फिरताहेत. माझ्या खालच्या मजल्यावरचा एक जण शनिवारी कामावर गेला तो अजून आलेला नाही. त्याची बायको रोज जिन्यात येऊन बसते. तिला काय सांगावं कळत नाही, म्हणून मी मागच्या दारानं जाते. अशी झालेय मी.

हॅनाला, तुझ्या आईला सांग, वेदीवरून जाहीर झालेला दिवस शिपायांनाही ऐकू जातो. तुझी आई लहानपणी विहिरीत उतरली होती, कारण सगळ्यांनी उतरू नको म्हणून सांगितलं होतं. तिला नको म्हणू नकोस, गोडीनं घे. आणि फ्लॉरीला निरोप धाड की देव डोंगरातही असतो.

त्याच्यासाठी मोज्यांचे तीन जोड पाठवतेय. जाड लोकर आहे. मला पत्र लिही म्हणावं, गाढवाला.

लोभ आहेच, काळजी तेवढी कमी करता आली तर बघ.
तुझी,
नेली मावशी


पत्ता विचारू नकोस
२० मार्च १९२१

ती. नेली मावशीस,
तुझ्या दाढीवाल्या भाचीचा सा. न. वि. वि.

गाढवाला मोजे पोचले. एक जोड मी ठेवला, एक जेरी कोकलीला दिला, आणि तिसरा आम्ही दोघं आळीपाळीनं वाळवतो. जेरी आपल्या डोंगरापलीकडच्या कोकलींचा. हसवतो म्हणून मी अजून शहाणा आहे. पाच महिन्यांत माझे पाय पहिल्यांदा कोरडे झाले, आणि जरा वेळ मी नुसता पायांकडे बघत बसलो. आम्ही अकरा जण आहोत, बंदुका सात. झोपतो ते काटेरी झुडपांखाली खणलेल्या बिळात. सगळ्यांना खरूज झालीय. जेरी म्हणतो, सरकारला खबऱ्यांची काय गरज, खाजवण्याच्या आवाजाच्या रोखानं आले तरी आपण सापडू.

मावशी, आईला कळू देऊ नकोस, पण मी घाबरतो. गोळीबाराच्या आधी भीती वाटते ती सगळ्यांनाच वाटते, तिचं काही नाही. मी नंतर घाबरतो. जानेवारीत आम्ही रस्त्यावर लॉरी अडवली. माझ्या गोळीनं एक जण पडला, माझ्याच वयाचा. लगेच मेला नाही. आईला हाका मारत होता. आम्ही पळालो तरी त्या ऐकू येत होत्या. अजून येतात. काही फादर आमच्यासारख्यांची पापांची कबुली ऐकून घेत नाहीत, पण फादर ट्वोमींनी माझा बाप्तिस्मा केलाय, ते मला हाकलणार नाहीत. त्याआधी मेलो तर हे ओझं घेऊन कुठे जाणार, या भीतीनं मी डोळे मिटत नाही. म्हणून मला चौदा तारखेला घरी जायचंय. आईसाठी तर आहेच, पण माझ्यासाठीही.

तू घाबरू नकोस. आमची खूण पक्की आहे. घराच्या वरच्या उतारावरून अंगण दिसत नाही, फक्त रस्त्याकडचं कुंपण दिसतं. कुंपणावर पांढरी चादर वाळत असली की वाट मोकळी, खाली उतरायचं. आईचा लाल फ्लॅनेलचा परकर असला की घरात शिपाई, पाठ फिरवायची. त्या परकरानं मला दोनदा वाचवलंय. माझी बंदूक कधी अडकते, परकर कधी चुकत नाही.

हे सगळं संपलं की तुझ्याकडे खरंच येईन आणि भांडी घासीन. तोवर आठवण ठेव, आणि असलाच जास्तीचा लोभ तर मोज्यांच्या रूपानं पाठव.
तुझा,
फ्लॉरी


डेरीनाग्री
३० मार्च १९२१

ती. नेली मावशीस सा. न. वि. वि.

ईस्टर झाला. घर साफ करता करता कंबर मोडली. मर्टी काकांनी भिंतींना चुना दिला, गोठ्याला दिला, आणि वाटेत आडवी आली त्या कोंबडीलाही दिला. आईनं तीन वर्षं न वापरलेल्या बशा काढून घासल्या. घर इतकं पांढरं झालंय की दोन कोसांवरून दिसतं, आणि मला वाटतं कशाला एवढं दिसायला हवं होतं.

डोंगरापलीकडे काय झालं ते ऐकलंस का? तिथला एक मुलगा बापाच्या मयताला घरी आला. शिपायांना बातमी होतीच. त्याला अंगणात भिंतीशी उभा केला. मग घर पेटवलं. त्याची आई आता शेजाऱ्यांच्या गोठ्यात राहते आणि कुणाशी बोलत नाही. त्या दिवशी घरात जेवायला बसलेल्यांपैकीच कुणीतरी सांगितलं असणार, असं सगळे म्हणतात.

आपल्याकडे बावीस माणसं यायची आहेत. ज्यांच्या मांडीवर मी खेळले ती माणसं, मावशी! आणि मी चर्चमध्ये बसून एकेकाच्या पाठीकडे बघत मनात विचारते, हा सांगेल का, ही सांगेल का. मला माझीच किळस येते.

आईपुढे मी सगळे उपाय केले. गोडीनं घेतलं, रडले, भांडले. ती म्हणते देवाच्या ताटावर कुणी चहाडी करत नाही. जेरीच्या हातून फ्लॉरीला निरोप दिला की येऊ नकोस. त्याचा उलट निरोप आला की येतोय, अंडं उकडून ठेव. मिस्सेच्या पहाटे कुंपणावर चादर घालायची हे आईनं आधीच सांगून ठेवलंय.

मला वाईट स्वप्नं पडतात. जागी असते तेव्हाही पडतात. मावशी, काय करू सांग. तू सांगशील ते करीन, पण कुणीतरी सांगा.

उत्तर लवकर आलं तर तोच मोठा लोभ.
तुझी,
अ‍ॅबी


लिव्हरपूल, ६ एप्रिल १९२१

चि. अ‍ॅबीस आशीर्वाद, आणि मन घट्ट करून वाच.

दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. बाईसाहेबांच्या सूपमध्ये दोनदा मीठ पडलं, बोलणी खाल्ली.

आई ऐकत नाही आणि फ्लॉरी ऐकत नाही. पण फ्लॉरी परकराचं ऐकतो, हे त्यानंच मला लिहिलंय. तेव्हा त्या पहाटे आईची पाठ वळली की चादर काढ आणि परकर घाल. शिपाई असोत वा नसोत. तो वरूनच बघेल आणि परत जाईल, जिवंत. चिडेल, चिडू दे. त्याची कबुली मेमध्ये होईल, जूनमध्ये होईल, फादर ट्वोमी काही पळून जात नाहीत. हॅना रडेल. रडू दे. पोराच्या प्रेतावर रडण्यापेक्षा उकडलेल्या अंड्यावर रडलेली बरी.

कुणाला सांगू नकोस, आईला तर मुळीच नाही. पाप असलंच तर माझ्या माथी. मी मोठी आहे आणि मीच सांगितलंय. हे पत्र चुलीत टाक आणि जळेपर्यंत समोर उभी राहा.

तुझ्यावर माझा भरवसा आहे, तो आज कामी येऊ दे.
नेली मावशी


डेरीनाग्री
१५ एप्रिल १९२१

ती. नेली मावशीस सा. न. वि. वि.

टपालानं लिहितेय. हवा चांगली आहे. मिस्सा ठरल्याप्रमाणे झाली. बावीसच्या बावीस माणसं आली होती. बाहेरचं कुणी आलं नाही. आईचं डोकं दुखतंय. चादर आणि परकर धुऊन पेटीत ठेवले. फ्लॉरेन्सला म्हणावं घरची काळजी करू नकोस.

मॉसीची बोट पुढच्या आठवड्यात आहे.
अ‍ॅबी


लिव्हरपूल, १९ एप्रिल १९२१

चि. अ‍ॅबीस लाख आशीर्वाद, आणि त्यावर आणखी चार!

तुझं टपालाचं पत्र आलं आणि माझा जीव भांड्यात पडला. परकर पेटीत ठेवलास हे वाचलं तेव्हाच कळलं की तू केलंस. शाबास पोरी! आईचं डोकं का दुखतंय तेही कळलं. चार दिवस तुझ्याशी धड बोलणार नाही, मग चहा मागेल. आमचं लहानपण त्यातच गेलं.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा रात्रभर झोपले. सकाळी स्वयंपाकघरात गाणं म्हणत होते तर बाईसाहेब बघायला आल्या की कोण मांजर अडकलंय. जिन्यातल्या त्या बाईपाशीही बसले काल, तिला चहा दिला. माझं माणूस सुखरूप असल्यावर धीर आला तिच्या तोंडाकडे बघायचा. हे चांगुलपण नव्हे, कळतंय मला.

फ्लॉरीला सांग, रागवायचं तर माझ्यावर रागव. त्याच्यासाठी मोज्यांचा चौथा जोड विणलाय, राखाडी रंगाचा, टाचेला दुहेरी. मॉसीच्या हातून पाठवतेय.

सगळ्यांवरचा लोभ दुप्पट झालाय असं समज.
तुझी,
नेली मावशी


डेरीनाग्री
२४ एप्रिल १९२१

ती. मावशीस,

मोजे पोचले. मावशी, फ्लॉरी गेला.

दहा दिवस झाले. टपालानं लिहिता येईना, आणि मॉसी येईपर्यंत तू गाणी म्हणत होतीस. कसं सांगू तुला. सुरुवातीपासून लिहिते, नाहीतर लिहिणं व्हायचं नाही.

त्या पहाटे आईनं पाच वाजता कुंपणावर चादर पसरली. चांगली, लग्नातली. साडेपाचला मी पाण्याला गेले, चादर काढली, परकर घातला. आजूबाजूला कुणी नव्हतं. शिपाईही नव्हते. ते आलेच नाहीत, मावशी. दिवसभर आले नाहीत. बावीस माणसांपैकी कुणीही चहाडी केली नव्हती. मी ज्यांच्या पाठीकडे बघून मोजत होते त्यांनी सगळ्यांनी तोंड मिटून ठेवलं होतं.

फ्लॉरी आणि जेरी सहा वाजता उतारावर होते. हे जेरीनं सांगितलं. परकर दिसला तरी फ्लॉरी निघेना. म्हणाला शिपाई झडती घेऊन जातील, मग आई चादर घालेल. अडीच तास तो ओल्या गवतात पडून कुंपणाकडे बघत होता. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा म्हणून आदल्या रात्रीपासून पोटात घोटभर पाणीसुद्धा नव्हतं. शेवटी त्याला चक्कर यायला लागली. वरच्या वाटेनं कोकलींचं घर दोन तास, पुलावरून अर्धा तास. जेरी नको म्हणत होता. फ्लॉरी म्हणाला, शिपाई तर आमच्या घरी बसलेत, पुलावर कोण असणार?

पुलावर सायकलवाले शिपाई होते.

मिस्सा आटोपून न्याहारी सुरू झाली होती. फादर ट्वोमी अंड्याचं टोपण काढत होते तेव्हा गोळ्यांचे आवाज आले. आईनं किटली उचलली आणि चहा ओतायला लागली. मग तासाभरानं जेरीची आई शाल डोक्यावरून घेऊन आली आणि फादरना म्हणाली घरी आजारी माणूस आहे, चला. तिनं माझ्याकडे पाहिलं. फादर म्हणाले, अ‍ॅबी, सोबतीला ये. आई दारापर्यंत आली नाही. ती गेली असती तर माणसं विचारात पडली असती, म्हणून ती चहा ओतत राहिली.

जेरीनं त्याला पाठीवर टाकून ओढ्यातून आणलं होतं. कोकलींच्या गोठ्यात, गवतावर. गोळी पोटात लागली होती. फादरनी सगळ्यांना बाहेर काढलं. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. म्हणाले, त्याच्या मनावर आता काही नाही, जा त्याच्याकडे. मावशी, तेवढं तुला सांगायचं होतं. त्याची कबुली झाली.

मी त्याचा हात धरला. त्यानं विचारलं, किती शिपाई होते गं घरात, आईला काही केलं नाही ना? मी म्हटलं, लॉरीभर होते, झडती घेऊन गेले, सगळे ठीक आहेत. तो म्हणाला, बरं झालं तू परकर घातलास, नाहीतर आईच्या समोर धरला असता मला. मग विचारलं, अंडं कुणी खाल्लं? मी म्हटलं, ठेवलंय. एक वाजता गेला. आई चार वाजता आली, शेवटचा पाहुणा गेल्यावर.

घरी आणता आलं नाही. त्याला लागलं हे शिपायांना ठाऊक आहे, पण तो कोण हे ठाऊक नाही. कळलं तर घर जाळतील, कोकलींचंही. रात्रभर मयताशेजारी बसणं नाही, माणसं नाहीत, आईला काळी शाल नाही. शनिवारी पहाटे कोकलींच्या थडग्यात ठेवला, नाव न लिहिता. आई बाजारात जाते, अंडी विकते, लोकांशी पावसाचं बोलते. रडायचं झालं की गोठ्यात जाते.

तिला मी सांगितलेलं नाही. तिला वाटतं की कुणीतरी त्याला शिपाई आल्याची खोटी बातमी दिली असेल, किंवा फ्लॉरीलाच चादर दिसली नसेल. काय वाटतं ते खरं तर मला ठाऊक नाही, ती बोलत नाही आणि मी विचारत नाही. तू म्हणाली होतीस पाप तुझ्या माथी. नाही मावशी. हात माझे होते.

लोभ ठेव म्हणायचं धाडस होत नाही.
अ‍ॅबी


डेरीनाग्री
८ मे १९२१

चि. नेलीस, हॅनाचे आशीर्वाद. मी सांगतेय आणि अ‍ॅबी लिहितेय.

तुझी दोन पत्रं आली म्हणे, आणि अ‍ॅबीनं ती मला वाचून दाखवली नाहीत. मुकाट्यानं चुलीत टाकली. मला अक्षर येत नाही, पण चुलीपाशी उभ्या असलेल्या पोरीचा चेहरा येतो वाचता. तू स्वतःला खात बसली असशील. तुला मी ओळखते. कुणी तुझ्याकडे बोट दाखवलं नाही तरी तू उठून उभी राहतेस. तर ऐक. अ‍ॅबी, तू लिही, थांबू नकोस.

त्या पहाटे मी लोण्याच्या खोलीत होते. दार अर्धं उघडं होतं. अ‍ॅबीनं माझी चादर काढताना मी पाहिलं. तिनं परकर घातला, कडा सारख्या केल्या, वाऱ्यानं उडू नये म्हणून दगड ठेवला. सगळं पाहिलं मी.

(मावशी, इथे माझ्यानं लिहवेना. आई म्हणते लिही.)

मी बाहेर गेले नाही. दहा पावलं होती, नेली. परकर ओढून काढला असता आणि पोरीच्या एक ठेवून दिली असती, काही अवघड नव्हतं. दोन महिने मी सगळ्यांशी भांडत होते की माझा पोरगा येणार, आणि त्या पहाटे उठले तेव्हा माझ्यात हट्ट उरला नव्हता. नुसती भीती. चादर पसरताना हात मागे येत होते. माझ्या तोंडातून नको निघालं नसतं, मेले तरी. मग पोरीनं ते केलं आणि मी दाराआड उभी राहून क्रूस केला. देवा, बरं झालं, म्हटलं. मग फादर येईपर्यंत तासाहून जास्त वेळ होता माझ्याजवळ. तेवढा वेळ तो वर पडून माझी वाट बघत होता. मी बशा पुसत होते.

म्हणून ही पोर रोज माझ्याकडे चोरासारखी बघते ते मला आता सहन होत नाही. तिला तोंडानं सांगायला मला जमेना, म्हणून तुला पत्र लिहायला बसवलं. आता तिनं आपल्या हातानं लिहिलंय, तेव्हा तिला कळलं असेल. रडतेय. रडू दे. मीही रडतेय, आणि आज गोठ्यात न जाता, स्वयंपाकघरात. मर्टी दारात उभा आहे, कुणी आलं तर खोकेल.

दारामागच्या कागदाचं सांगायचं राहिलं. घरातलं नाव मेलेल्याचं काढतात असं मीच म्हणाले होते. आता ते काढता येत नाही. काढलं तर विचारतील का काढलं. तो ओठावर लव असलेला ऑफिसर परवा पुन्हा आला. कागद वाचून बरा बोलला, विचारलं फ्लॉरेन्स कशी आहे. अ‍ॅबी पांढरी पडली. मीच पुढे झाले आणि सांगितलं, बरी आहे, मावशीकडे आहे, तिथे तिचं मन रमलंय, आता काही एवढ्यात घरी यायची नाही. तो म्हणाला, छान. मी म्हटलं, हो.

तेव्हा नेली, तो तुझ्याकडेच आहे. सरकारच्या वहीत तसं लिहिलंय, आणि माझ्यापाशी दुसरं काही लिहिलेलं नाही. कुणी विचारलं तर तसंच सांग. तो चौथा जोड परत पाठवतेय, मॉसी आणून देईल. पेटीत टाकू नकोस. खुंटीला अडकव, दिसेल असा. त्याचे पाय फार दिवस ओले होते.

लोभ आम्हा दोघींवर सारखाच ठेव, एकीवर कमी नको.

तुझी बहीण,
हॅना
(खालचा क्रूस तिनं स्वतः काढलाय. अ‍ॅबी.)
✗